गुडघा प्रत्यारोपणानंतरचा व्यायाम आणि सीमाभागातील घर

प्रस्तावना

गुडघ्याची झीज हा म्हातारपणाचा भोग आहे असे मानून गप्प बसण्याचा काळ आता बराच मागे पडला आहे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील चिटगुप्पा हे गाव काही वर्षांपूर्वीपर्यंत हुमनाबाद तालुक्यात मोडत असे, आज ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावातूनही गुडघा बदलून घेण्यासाठी रुग्ण पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरून सोलापूर किंवा हैदराबाद गाठतात, कोणी कलबुर्गीला जातात. शस्त्रक्रिया साधारण दीड-दोन तासांची असते. चार-सहा दिवसांत रुग्ण घरी परततो. नातेवाईक भेटायला येतात, फळे आणतात आणि उठता उठता सांगतात, 'आता आराम करा.'

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत 'आराम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक विश्रांती, दुसरा बरे वाटणे. 'आराम करा' यात पहिला अर्थ आहे, 'आराम पडला का?' किंवा उर्दूतील 'आराम आया?' यात दुसरा. एकाच शब्दात दोन्ही सामावल्यामुळे पडून राहिले की बरे वाटते, हे समीकरण बोलण्यातच रुजलेले आहे. ताप आणि खोकल्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. गुडघा प्रत्यारोपणाच्या बाबतीत मात्र ते उलटे पडते. येथे पडून राहणाऱ्याला आराम पडत नाही. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामामागील कारणे आणि सीमाभागातील घरांत तो करताना येणाऱ्या अडचणी यांचा विचार केला आहे.

बदलते काय आणि उरते काय

'गुडघा बदलला' असे आपण म्हणतो तेव्हा संपूर्ण गुडघा काढून नवा बसवला असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला पृष्ठभाग, साधारण सेंटिमीटरभर जाडीचा, कापून काढतात. त्या जागी धातूचे कवच बसवतात. हा धातू बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. दोन कवचांच्या मध्ये अत्यंत टणक पॉलिथिनची गादी असते आणि हे भाग हाडाला चिकटवण्यासाठी बहुतेक वेळा विशिष्ट सिमेंट वापरतात. हे सिमेंट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घट्ट होते. म्हणूनच बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करता येते. 'इतक्या लवकर पायावर भार दिला तर नवा सांधा निखळेल' ही भीती घरोघरी आढळते, परंतु नेहमीच्या शस्त्रक्रियेत तिला आधार नसतो. सर्जनने एखाद्या रुग्णाला भार न देण्याविषयी मुद्दाम बजावले असेल तर गोष्ट वेगळी.

सांध्याचा पृष्ठभाग नवा होतो, पण सांधा हलवणारे स्नायू जुनेच राहतात. वर्षानुवर्षे दुखऱ्या गुडघ्याला जपता जपता ते आधीच अशक्त झालेले असतात. शस्त्रक्रियेनंतर त्यात आणखी भर पडते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू पहिल्या महिन्यात आपली अर्ध्याहून अधिक ताकद गमावतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. हे केवळ कापाकापीमुळे होत नाही. गुडघ्यात सूज आणि पाणी साठले की सांध्याकडून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि त्या स्नायूला मिळणारी आज्ञाच क्षीण होते. रुग्ण म्हणतो, 'पाय उचलायचा म्हणतो, पण उचलत नाही.' तो आळस करत असतो असे नाही. स्नायूपर्यंत हुकूमच नीट पोहोचत नसतो, आणि तो पुन्हा पोहोचवण्याचा उपाय म्हणजे सूज कमी करणे व तोच प्रयत्न दिवसातून अनेकदा करणे.

दुसरा प्रश्न व्रणाच्या ऊतींचा. जखम भरताना शरीर तंतुमय ऊती तयार करते. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या मऊ आणि ताणता येण्याजोग्या असतात, पुढे घट्ट होतात. ज्या काळात दुखणे सर्वांत जास्त, त्याच काळात सांधा हलवणे सर्वांत उपयोगाचे, असा हा पेच आहे. म्हणून वेदनाशामक गोळ्या केवळ झोप लागावी म्हणून दिलेल्या नसतात. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जाईल असे वेळापत्रक आखले, तर त्याच गोळीचा दुप्पट उपयोग होतो. 'गोळ्यांची सवय लागेल' म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या बंद करणारे रुग्ण व्यायामही बंद करतात. सुमारे बारा आठवड्यांनंतरही गुडघा आखडलेलाच राहिला तर भूल देऊन तो वाकवावा लागण्याची वेळ येते, आणि त्याचाही फायदा जितका उशीर तितका कमी होत जातो.

पंतप्रधानांचा गुडघा

ही शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या बोलण्यात आली ती मुख्यतः तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलण्यात आला आणि जून 2001 मध्ये त्याच रुग्णालयात उजवा. दोन्ही वेळा न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. दुसरी शस्त्रक्रिया 7 जून रोजी झाली आणि जुलैच्या मध्याला आग्र्यात पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांच्याबरोबरच्या शिखर परिषदेला ते यजमान म्हणून उपस्थित होते. मध्ये अवघे पाच आठवडे गेले होते. वर्तमानपत्रांनी डॉक्टरांचे नाव, रुग्णालयाचे नाव, सांध्याचा प्रकार असे सर्व छापले. त्या पाच आठवड्यांत रोज काय करून घेतले गेले असेल, याविषयी वाचकांच्या लक्षात फारसे राहिले नाही. 'नवा सांधा बसवला की माणूस चालू लागतो' एवढाच बोध लोकांनी घेतला. देशाच्या पंतप्रधानांच्या दिमतीला वैद्यकीय पथक असते. चिटगुप्प्यातील गृहिणीच्या दिमतीला तिची सून आणि एक छापील कागद.

त्या कागदावरचे शब्द

रुग्णालयातून निघताना व्यायामाचा जो कागद मिळतो तो बहुधा इंग्रजीत, क्वचित तेलुगूत किंवा कन्नडमध्ये असतो. घरात बोलली जाते ती दखनी उर्दू किंवा मराठी. सीमाभागातील माणूस तीन भाषा सहज बोलतो हे खरे, परंतु शरीराच्या अवयवांच्या बाबतीत हीच सहजता फसवी ठरते. कन्नडमध्ये 'मंडि' म्हणजे गुडघा. मराठीत 'मांडी' म्हणजे गुडघ्याच्या वरचा भाग. कन्नडभाषक परिचारिकेने 'मंडी'खाली उशी नको असे सांगितले आणि मराठी घराने ते मांडीविषयी समजले, तर उशी नेमकी गुडघ्याखालीच सरकते. मराठीतील 'पाय' कमरेपासून तळव्यापर्यंत सगळ्याला पुरतो. उर्दूत 'टांग' आणि 'पांव' वेगळे. 'पाय वर-खाली हलवा' ही सूचना घोट्याची आहे की संपूर्ण पायाची, हे मराठी वाक्यावरून कळत नाही. पोटरीला उर्दूत 'पिंडली', टाचेला 'एडी', घोट्याला 'टखना' म्हणतात. हे तीन शब्द त्या कागदावर हाताने लिहून दिले तरी निम्मा गोंधळ मिटेल.

दुखण्याच्या शब्दांचेही तसेच. मराठीत कळ, ठणका, चमक, तिडीक, रग, आग होणे असे कितीतरी शब्द आहेत आणि उपचाराच्या दृष्टीने त्यांतील भेद मोलाचा आहे. व्यायामानंतर मांडीत भरलेली रग ही कामाची खूण होय, ती तासा-दोन तासांत उतरते. जखमेच्या आत ठणका लागला, सोबत ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागले तर ती जंतुसंसर्गाची शंका. पोटरी दगडासारखी कडक होऊन दाबल्यावर कळ येणे ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका, आणि एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते. फोनवर 'खूप दुखतंय' एवढेच ऐकणाऱ्या डॉक्टरला यांतले काहीच कळत नाही. नेमका शब्द सांगितला तर बरेच कळते. भाषेच्या अध्यापकाला हे वाचून नवल वाटणार नाही.

पहिले सहा आठवडे

व्यायाम साधेच आहेत. पलंगावर पडल्या पडल्या घोटा वर-खाली हलवायचा, त्यामुळे पोटरीतील रक्त वाहते राहते. गुडघा सरळ ठेवून तो गादीत दाबायचा आणि मांडीचा स्नायू पाच-सहा सेकंद आवळून धरायचा. टाच गादीवरून ओढत नितंबाकडे आणायची, म्हणजे गुडघा वाकतो. गुडघा ताठ ठेवून संपूर्ण पाय वीतभर उचलायचा. पुढे खुर्चीवर बसून पाय खाली सोडायचा आणि सरळ करायचा. यांत कोठेही यंत्र लागत नाही.

या सर्वांत दुर्लक्षित राहतो तो गुडघा पूर्ण सरळ होण्याचा व्यायाम. सगळे कुटुंब 'किती वाकतो' याच प्रश्नामागे लागलेले असते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडला की तो स्वतःच्या वजनाने सरळ होऊ लागतो. दिवसातून काही वेळा दहा-दहा मिनिटे एवढे केले तरी पुरते. उलट गुडघ्याखाली उशी ठेवली की बरे वाटते, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत सुजलेल्या सांध्याला सर्वांत कमी ताण असतो. हीच ती आरामाची जागा, आणि गुडघा नेमका तेथेच आखडतो. पाच-दहा अंश वाकडा राहिलेला गुडघा चालताना प्रत्येक पावलाला मांडीला राबवतो, माणूस लंगडतो, लवकर थकतो आणि दोष मात्र सांध्याच्या कंपनीला देतो.

एकाच वेळी तासभर घाम गाळण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा पंधरा-वीस मिनिटे व्यायाम करणे अधिक हिताचे, कारण एकदम जास्त केले तर सूज वाढते आणि दुसरा दिवस वाया जातो. ज्या घरात पाच वेळच्या नमाजने दिवस बांधलेला आहे तेथे वेगळे घड्याळ लावण्याची गरज नाही. फजर ते इशा प्रत्येक नमाजला जोडून एक पाळी ठेवता येते. इतर घरांत चहा-जेवणाच्या वेळा हेच काम करतात. व्यायामानंतर पाय छातीपेक्षा उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. येथे एक सवय आवर्जून मोडावी लागते. हाडाचे काही झाले की गरम तेलाने मालिश आणि शेक, हा सीमाभागातील घराघरांतला उपचार आहे. ताज्या शस्त्रक्रियेच्या पायावर गरम शेक सूज वाढवतो, तेल जखमेला घाण करते, आणि गुठळी झालेली पोटरी रगडणे तर जिवावर बेतू शकते. मालिश करणाऱ्या जाणत्या माणसाचा मान राखूनही त्याला काही महिने दाराबाहेर ठेवलेले बरे.

घराची रचनाही पाहावी लागते. या भागात फरशी शहाबादी असते. वापराने गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी ओली झाली की वॉकरचे रबर घसरते. उंबरे उंच असतात, सतरंजीची टोके वळलेली असतात. बाज खाली झोळी झालेली असते, तिच्यावरून उठताना गुडघा नको तितका वाकवावा लागतो, त्यापेक्षा टणक आणि उंच पलंग बरा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधी घरात यायला हवी, नंतर नव्हे. वजू करताना पाय धुण्यासाठी उंच स्टूल आणि दुसऱ्या कोणाचा हात असावा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

किती वाकला म्हणजे पुरे

सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण 70 अंशांपर्यंत वाकावा लागतो, जिना चढायला 85 अंशांच्या आसपास, खुर्चीतून सहज उठायला 95 ते 105. बहुतेक रुग्णांना दोन आठवड्यांत 90 आणि तीन महिन्यांत 110 ते 120 अंश गाठता येतात. पाश्चात्त्य रुग्णाचे आयुष्य एवढ्यात भागते. आपले भागत नाही. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसून भाजी निवडणे, नमाजमध्ये दोन सज्द्यांच्या मध्ये बसणे, यांसाठी 130 ते 150 अंश आणि कधी त्याहूनही अधिक लागतात. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय बैठकीचा विचार करून 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला, त्यामागे हेच कारण होते. 2012 साली पद्मविभूषण मिळालेल्या या सर्जनच्या संस्थेने भौतिकोपचाराचे महाविद्यालयही चालवले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

तरीही बहुतेक सर्जन खाली बसणे टाळण्याचाच सल्ला देतात, कारण खोल वाकवण्यात पॉलिथिनच्या गादीवर मोठा दाब येतो. वृद्ध रुग्णांच्या मनाला हे फार लागते. चाळीस-पन्नास वर्षे जमिनीवर सज्दा केलेल्या माणसाला खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करणे कमीपणाचे वाटते. आजाऱ्याला बसून, तेही न जमल्यास पडून नमाजची मुभा शरीअतने सुरुवातीपासून दिलेली आहे. तेव्हा हा प्रश्न धर्माचा नसून सवयीचा आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वीच हे सांगितले गेले पाहिजे. गुडघा बदललेल्या रुग्णांपैकी पाचातला एक जण नंतर असमाधानी असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळले आहे. त्या असमाधानात आधी न सांगितलेल्या गोष्टींचा वाटा मोठा असतो.

खर्च, यंत्र आणि अंतर

16 ऑगस्ट 2017 रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. ज्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत सरासरी 1 लाख 58 हजारांच्या घरात होती, तो करांशिवाय 54,720 रुपयांवर आला. सांध्याची किंमत बांधली गेली. त्यानंतरच्या व्यायामाचा खर्च, जो सहा-आठ आठवडे रोज होतो, तो कुटुंबाच्याच अंगावर राहिला. 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय सुरू झाले. या व्यवसायाला वैधानिक चौकट देणारा केंद्रीय कायदा मात्र 2021 मध्ये आला. मधल्या काळात पदवीधर तज्ज्ञ शहरांत एकवटले आणि लहान गावांत 'व्यायाम करवणारा' कोण, हे कोणी तपासले नाही.

अशा वेळी कुटुंबे गुडघा आपोआप वाकवणारे विजेचे यंत्र भाड्याने आणतात. कॅनडातील सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर ते आधारलेले आहे आणि दिसायला प्रभावी असते. परंतु गुडघा बदललेल्या रुग्णांवरील अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता त्याचा जाणवण्याजोगा फायदा आढळला नाही. कारण उघड आहे. यंत्र पाय हलवते, स्नायू नाही.

याउलट घरच्या व्यायामाविषयीचे संशोधन आशादायक आहे. ऑस्ट्रेलियातील 165 रुग्णांवरील एका चाचणीत काही जणांना दहा दिवस रुग्णालयात ठेवून व्यायाम करवला आणि नंतर देखरेखीखाली घरचा व्यायाम दिला. इतरांना केवळ देखरेखीखालचा घरचा व्यायाम दिला. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते मोजले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी 2015 मध्ये कॅनडातील 205 रुग्णांच्या अभ्यासात, दूरचित्रसंवादाने घेतलेला व्यायाम प्रत्यक्ष घरी येऊन घेतलेल्या व्यायामापेक्षा कमी ठरला नाही. दोन्ही ठिकाणी कोणीतरी तज्ज्ञ ठरावीक अंतराने पाहत होता, हे विसरता येत नाही. तरी चिटगुप्प्यासारख्या गावासाठी यातून मार्ग निघतो. आठवड्यातून एकदा मोबाईलवर तज्ज्ञाने पाहायचे आणि रोज घरातल्या शिकलेल्या माणसाने मोजायचे. बारावीतली नातही भिंतीवर खडूने रेघ मारून टाच कुठवर आली हे टिपू शकते. सामुदायिक महाविद्यालयांतून रुग्णसेवा सहाय्यकांचे अभ्यासक्रम चालतात, त्यांत या व्यायामाचे प्रात्यक्षिक आणि त्या कागदाचे मराठी व उर्दू रूप या दोन गोष्टी घालण्यासाठी वेगळ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

खुब्याच्या सांध्याविषयी एवढेच सांगणे पुरे की तेथील पथ्ये निराळी आहेत. आधुनिक सांधेरोपणाचा पाया ज्यांनी 1962 मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात घातला त्या जॉन चार्नली यांचे काम खुब्यावरचेच होते. तेथे सांधा आखडण्यापेक्षा निखळण्याची भीती अधिक. म्हणून शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार पहिले काही आठवडे खाली वाकणे, पायावर पाय टाकणे, कमी उंचीवर बसणे वर्ज्य असते. गुडघ्याच्या शेजाऱ्याचा व्यायाम पाहून खुब्याच्या रुग्णाने तो करू नये.

दुसरा गुडघा

झीज सहसा दोन्ही गुडघ्यांना होते. एकाचे काम झाले की काही महिन्यांत दुसऱ्याचा प्रश्न उभा राहतो. पहिल्या वेळी व्यायाम नीट झाला असेल तर रुग्ण स्वतःच तारीख विचारतो. तो नीट झाला नसेल तर 'एकाचेच हाल पुरे झाले' म्हणून दुसरा गुडघा तसाच राहतो. मग सगळा भार नव्या गुडघ्यावर येतो, चाल वाकडी होते, कंबर धरते. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षे टिकतात. साठीच्या रुग्णाला तो जन्मभर पुरण्याची शक्यता मोठी आहे. त्या 25 वर्षांत तो किती वाकेल आणि किती सरळ होईल हे बऱ्याच अंशी पहिल्या बारा आठवड्यांत ठरते. त्यांतले जवळजवळ सगळे दिवस रुग्णालयाबाहेर, शहाबादी फरशीच्या एखाद्या खोलीत, सुनेच्या किंवा मुलाच्या देखरेखीखाली जातात.